मारुतीची ओंजळ आणि नऊ आकडे

लाल पट्टीच्या डब्यात दोन डझन मोठी संत्री, एक डझन मध्यम, एक डझन लहान. हिरव्या पट्टीच्या डब्यात एक डझन मोठी, दोन डझन मध्यम, एक डझन लहान. पिवळ्या पट्टीत तिन्ही एकेक डझन. हिशेब एवढाच, रामाकोन्याच्या अंगणवाडीतलं पोरगंही दोन दिवसांत पाठ करेल असा. पण याच हिशेबानं गजेंद्रभाऊंच्या यार्डात अकरा हंगाम देवीदास काकांना घाम फोडला होता.

हे यार्ड सौंसरच्या बाहेर, पांढुर्ण्याच्या रस्त्यावर. पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंटची फरशी. संध्याकाळी बागांमधून संत्री यायची, बाया ती लोखंडी कड्यांतून काढून तीन आकारांत वेगळी करायच्या आणि डझनानं मोजून कॅरेटमध्ये भरून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पॅकिंग. मोठी खायला, लहान रसाला, असे घरगुती डबे शहरात चांगले खपत. चार वाजता गाडी निघायची. लाल किती, हिरवे किती, पिवळे किती बांधायचे, ते सकाळी मुनीम देवीदास काका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ठरवत. कसं? तर छपराकडं पाहून. आणि रोज चार वाजता फरशीवर काहीतरी उरायचंच. कधी मोठ्यांचा ढीग आणि लहान संपलेली, कधी मध्यमच मध्यम.

"संत्रा म्हटला की उरतेच," काका म्हणायचे.

या बुधवारी मात्र गोष्ट वेगळी झाली. देवीदास काका पांढुर्ण्याच्या गोदामावर जाणार होते आणि खुर्ची रिकामी होणार होती. काकांनी लोधीखेड्याच्या आपल्या भाच्याचं नाव पुढं केलं. तेव्हा नऊ हंगाम फरशीवर पोतं टाकून डबे बांधणारी शोभाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मी करते ना."

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

गजेंद्रभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, मग मिशीवरून बोट फिरवलं. "असं करा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस तुमचे. एक दिवस, फक्त एक दिवस, चार वाजता फरशी साफ दाखवा. खुर्ची तुमची. नाही झालं तर सोमवारी भाचा येईन."

शोभाबाईनं हे घरी सांगितलं तेव्हा तिची मुलगी उर्वशी भाकरीचा तुकडा तोंडात घालत होती. तो तसाच हातात राहिला.

"आई! थांब! थांब! तुले तीन गोष्टी माहीत आहेत आणि तीन काढायच्या आहेत, हाव ना?"

"मले एकच गोष्ट माहीत आहे, का म्या उगाच तोंड उघडलं."

"नाही वो! मोठी किती, मध्यम किती, लहान किती, हे माहीत. लाल किती, हिरवे किती, पिवळे किती, हे काढायचं. हे तर आज सरांनी शिकवलं! आजच!"

इथं उर्वशीबद्दल थोडं सांगायला हवं. अकरावीत तिला गणितात शंभरात चौतीस होते आणि ती शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसायची. बारावीत श्रीधर सर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो खांबाआडचा बाक उचलून वऱ्हांड्यात ठेवला. नाइलाजानं उर्वशी पुढं आली, आणि पुढं आल्यावर तिला असं दिसलं की फळ्यावरचं बरंचसं समजतं. सहामाहीत एक्क्याऐंशी. तेव्हापासून तिचं तोंड बंद होत नव्हतं.

त्या बुधवारी सरांनी मॅट्रिक्सचं उलट शिकवलं होतं. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून पुस्तक हिंदी, त्यात 'व्युत्क्रम आव्यूह' असा भारी शब्द. पण सर रंगात आले की मराठीवर यायचे. "डबे माहीत असले तर फळं मोजणं सोपं," असं काही ते म्हणाले नव्हते, ते दोन पेन आणि तीन वह्यांचं उदाहरण घेऊन बसले होते. पण म्हणाले असते तर चाललं असतं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची एक चौकट, डब्यांवरून फळांकडं सरळ नेणारी. तिची एक उलटी चौकट असते, आली त्या वाटेनं परत नेणारी. दोन्हींचा गुणाकार केला की तिरप्या ओळीत एक-एक-एक, बाकी सगळी शून्यं. म्हणजे जणू काही झालंच नाही.

उर्वशीनं ताट सरकवलं आणि वहीच्या मागच्या पानावर नऊ आकडे मांडले. वरच्या ओळीत मोठी, मग मध्यम, मग लहान. उभ्या रांगा लाल, हिरवा, पिवळा.

२ १ १
१ २ १
१ १ १

आधी डिटर्मिनंट, म्हणजे सगळ्या चौकटीतून निघणारा एकच आकडा. ते शून्य आलं तर उलटी चौकट निघतच नाही, सगळा खेळ तिथंच संपतो. तिनं श्वास धरून गुणाकार केले, वजाबाक्या केल्या. एक! शून्य नाही, सात नाही, तेरा नाही, चक्क एक! म्हणजे भागायची भानगड नाही, अपूर्णांक नाहीत. मग एकेका आकड्याची ओळ आणि रांग झाकत, चिन्हं बदलत, आडवं उभं फिरवत तिनं उलटी चौकट काढली.

१ ० −१
० १ −१
−१ −१ ३

"आई वो, पाह्य! किती साधं आहे! मोठ्यांतून लहान वजा करायचे, ते लाल डबे. मध्यमातून लहान वजा, ते हिरवे. लहानाच्या तिपटीतून मोठी आणि मध्यम दोन्ही वजा, ते पिवळे. बस!"

शोभाबाईनं हात पुसले. "एवढंच?"

"एवढंच! आणि हे रोज नवीन करायचं नाही. डबे तेच, म्हणून उलटी चौकट तीच. रोज फक्त फळांचे आकडे बदलतीन."

शोभाबाईनं ते तीनदा पुटपुटून पाहिलं. मोठ्यातून लहान, मध्यमातून लहान, तिपटीतून दोन्ही. मग म्हणाली, "हे तर डोक्शात राहते."

गुरुवारी पहाटेच्या बसनं दोघी सौंसरला उतरल्या. शाळेला अजून वेळ होता, म्हणून उर्वशीही यार्डात आली. कॅरेट रचून ठेवलेली, बाया पोती अंथरून बसत होत्या. कोपऱ्यात मारुतीच्या कॅलेंडरखाली जामसांवलीच्या देवळात जाणारी टोपली भगव्या कापडानं झाकलेली होती. सगळं रोजच्यासारखं. देवीदास काका खुर्चीवर, पाय पसरून.

मोठी एकशेवीस डझन, मध्यम एकशेदहा, लहान नव्वद.

शोभाबाईनं डोळे मिटले. ओठ हलले. "लाल तीस. हिरवे वीस. पिवळे..." तिपटीला ती जरा अडखळली. दोनशे सत्तर, त्यातून दोनशे तीस. "चाळीस."

"कोणं सांगतलं?" काका म्हणाले.

"पोरीनं."

"मस्त! आता संत्र्याले पोट्ट्याइचं पुस्तक वाचून दाखवा. संत्रा ऐकन!"

उर्वशीनं काही उत्तर दिलं नाही असं म्हणता येणार नाही. तिनं फरशीवर बोटानं पूर्ण पडताळा करून दाखवला. तीस लालांत साठ डझन मोठी, वीस हिरव्यांत वीस, चाळीस पिवळ्यांत चाळीस, झाले एकशेवीस. काकांनी तो पाहिला, आणि पाहिलाच नाही असं दाखवलं.

दिवसभर शाळेत तिचं लक्ष नव्हतं. सुटल्यावर ती जवळजवळ पळतच यार्डात आली. पावणेचार झाले होते. दारातूनच तिला आईचा चेहरा दिसला आणि तिचे पाय हळू झाले.

फरशीवर तीन पिवळे डबे उघडे होते. प्रत्येकात मध्यम एक डझन, लहान एक डझन, बरोबर भरलेले. मोठ्यांची जागा रिकामी. सगळ्या यार्डात मोठी फळं उरली होती दोन.

"चौतीस कमी," शोभाबाई हळूच म्हणाली. "दोनदा मोजलं."

काकांनी आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. "मोठी फळं गणित खाते काय वो?"

दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. उर्वशी वहीत गुणाकार पुन्हा पुन्हा करत होती. सरळ चौकट गुणिले उलटी चौकट. तिरप्या ओळीत एक, एक, एक. बाकी शून्य. चूक नव्हतीच कुठं. मग मोठी चौतीस फळं गेली कुठं?

शुक्रवारी सकाळी आणखीच कमाल झाली. मोठी एकशेतीस, मध्यम एकशेसोळा, लहान फक्त ऐंशी.

"लाल पन्नास," शोभाबाई म्हणाली. "हिरवे छत्तीस. पिवळे, ऐंशीची तिप्पट दोनशे चाळीस, आणि वजा करायचे दोनशे सेहेचाळीस... उर्वशी, हे तर होऊन नाही राहिलं."

"उणे सहा," उर्वशी म्हणाली आणि स्वतःच दचकली.

देवीदास काकांना एवढं हसू आलं की त्यांनी खुर्चीचे हात धरले. "उणे सहा डबे! घ्या वो बायांनो, सहा डबे उलटे बांधा! आतलं बाहेर, बाहेरचं आत!"

बायाही हसल्या. प्रतिभा मावशी, शोभाबाईच्या शेजारी बसणारी, यार्डातली सगळ्यात जुनी, तीही पदरात तोंड लपवून हसली. उर्वशीचे कान तापले. अकरावीतली उर्वशी असती तर खांब शोधला असता. ही उर्वशी उलट विचारात पडली. उणे सहा म्हणजे काय? खोटं नाही. चौकट खोटं बोलत नाही. मग ती काय सांगून राहिली?

"काका, हसू नका, ऐका ना! लहान कमी आहेत. मोठी आणि मध्यम मिळून लहानांच्या तिपटीच्या, म्हणजे दोनशे चाळीसच्या, वर गेली की पिवळे उणे येतात. आपल्याकडं सहा डझन जास्त आहेत. आज काही करा, फरशी साफ होणारच नाही. सहा डझन मोठी काढून टाकली तर होते. मग लाल चव्वेचाळीस, हिरवे छत्तीस, पिवळा एकही नाही."

गजेंद्रभाऊ फोनवर बोलत उभे होते. ते थांबले. "रोज हे चार वाजता समजते, तोपर्यंत बाजार उठलेला असते." त्यांनी दुधाच्या टेम्पोवाल्याला हाक मारून सहा डझन मोठी फळं पांढुर्ण्याच्या मंडीला चढवली. मग शोभाबाईकडं वळले. "पण बाई, बाकीची फरशी तर साफ झाली पाहिजे. शब्द शब्द आहे."

शाळेत मधल्या सुट्टीत उर्वशीनं श्रीधर सरांपुढं वही आपटली. म्हणजे ठेवली, पण आवाज झाला.

"सर, कुठं चुकलं सांगा!"

सरांनी डब्यातली पोळी खाता खाता सगळं तपासलं. "कुठंच नाही."

"मग काल चौतीस फळं?"

"कमी काय पडलं? मध्यम?"

"नाही."

"लहान?"

"नाही सर. फक्त मोठी."

"हं." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. हे ते फार खूश झाल्यावरच करायचे. "मॅट्रिक्स तेवढंच पाह्यते, जेवढं तू तिले दाखवलं. काहीतरी आहे जे तू तिले दाखवलं नाही. घरी बसून नाही सापडत ते. जा, जाऊन पाह्य."

शुक्रवारी शेवटचा तास खेळाचा. उर्वशी तो सोडून यार्डात गेली. कुणी मोठी फळं पळवतंय का? आत शिरतानाच तिला त्या विचाराची लाज वाटली. या सगळ्या बाया तिला लहानपणापासून ओळखत होत्या. याच पोत्यांवर ती झोपली होती, खेळली होती. ती प्रतिभा मावशीशेजारी बसली आणि डबे बांधू लागली. हात चालू, डोळे चारी दिशांना. लाल डबा. दोन डझन मोठी, मधे कागद, मध्यम, कागद, लहान, झाकण, पट्टी. कुणी काही पळवत नव्हतं. फळं ढिगातून डब्यात जात होती, डबे गाडीकडं जात होते.

"दहा झाले!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. दहावा डबा उर्वशीच्याच हातात होता. तिनं पट्टी दाबली, डबा सरकवला, वळली, दोन्ही हातांनी ढिगातली मोठी मोठी फळं उचलली, उठली, कोपऱ्यात गेली, भगवं कापड बाजूला केलं...

आणि तिथंच थांबली.

तिच्या ओंजळीत चार संत्री होती. मोठी. निवडून घेतलेली, चकचकीत.

ती स्वतःच्या हातांकडं पाहत राहिली. हे तिनं कधीपासून केलं होतं? पाच वर्षांची होती तेव्हापासून. दहा डबे झाले की ज्या बाईच्या हातात दहावा डबा असेल तिनं एक ओंजळ मारुतीला द्यायची. चांगल्यातली चांगली, म्हणजे मोठीच. रोज संध्याकाळी टोपली जामसांवलीला, आडव्या निजलेल्या मारुतीपुढं. तिथं वाटलेल्या फोडी तिनंच किती खाल्ल्या होत्या! आणि तिला, सगळ्या यार्डाला, देवीदास काकांनाही अकरा हंगामांत एकदाही वाटलं नव्हतं की हीसुद्धा फळंच आहेत, याच ढिगातली.

काल हातात घेतलेले नव्वद डबे, शेवटचे तीन उघडे राहिले तेही धरून. नऊ ओंजळी. चार-चारनं छत्तीस झाली असती, पण प्रतिभा मावशीचे हात लहान, तिच्या ओंजळीत तीनच मावतात. तिच्या दोन ओंजळी धरल्या की चौतीस.

"सापडलं!" ती एवढ्यानं ओरडली की बाहेर गाडीवाला दचकला. "आई! मारुती! मारुतीनं खाल्ली!"

"काय बोलून राहिली ही?" प्रतिभा मावशी म्हणाली.

उर्वशीनं सगळं सांगितलं. बाया ऐकत होत्या. शोभाबाईचा हात गालावर गेला आणि तिथंच राहिला. त्या दिवशीही चार वाजता दोन लाल डबे उघडे राहिलेच, पण या वेळी कुणाला कोडं पडलं नाही.

"सोपं आहे," उर्वशी म्हणाली. "उद्यापासून मारुतीची फळं मोजून घ्यायची. प्रत्येक ओंजळ चारच. मग ती मी चौकटीत टाकते."

बायांचे हात थांबले.

"देवाचं मोजत नसतात, पोरी," प्रतिभा मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण जागाही नव्हती. "मोजून दिलं तर ते दुकान झालं."

"पण मावशी, आईची खुर्ची..."

"खुर्ची होईन नाही होईन. मोजणार नाही."

आणि शोभाबाई मान हलवून म्हणाली, "बरोबर आहे तिचं."

परतीच्या बसमध्ये उर्वशी चिडून वहीत खरडत होती. ओंजळ चारची धरली तर दहा डब्यांमागं चार फळं, म्हणजे एका डब्यामागं डझनाचा तिसावा भाग. वरच्या ओळीतल्या तिन्ही आकड्यांत तिसावा भाग घुसला. त्यातून उलटी चौकट निघाली खरी, पण लहानांच्या आकड्यापुढंही तिसावे भाग येऊन बसले. आईनं हे डोक्यात कसं करायचं? आणि मावशीच्या ओंजळीत तीनच मावतात, त्याचं काय?

"उर्वशी," शोभाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "लहान फळं प्रत्येक डब्यात किती?"

"एक डझन."

"लालात?"

"एक."

"हिरव्यात, पिवळ्यात?"

"एकच वो आई. सगळ्यात एक. खालची ओळ पाह्य ना, एक, एक, एक."

"मग लहान जितके डझन, तितके एकूण डबे. हाव का नाही?"

उर्वशीचा पेन थांबला.

"काल नव्वद लहान, नव्वद डबे. आज ऐंशी, ऐंशी," शोभाबाई म्हणाली. "म्हणजे मले सकाळीच माहीत असते किती वेळा 'दहा झाले' होणार. तर ओंजळी सकाळीच देऊन टाकू. आधी. मारुतीचं काढून ठेवू, न मोजता. कोणाच्या ओंजळीत तीन, कोणाच्यात चार, आपल्याले काय करायचं? मग जे राहते, ते मोजू."

उर्वशी आईकडं बघतच राहिली. तिनं दोन दिवस त्या नऊ आकड्यांना उलटं केलं, सुलटं केलं, गुणलं, पडताळलं. आणि खालच्या ओळीत तीन एक शेजारी शेजारी बसले होते ते तिला दिसले नव्हते.

"चौकट बदलायचीच नाही," ती हळूहळू म्हणाली. "फळांचा आकडा बदलायचा. आई, तू बारावीत असती ना..."

"तर म्या पहिल्या बाकावर बसली असती," शोभाबाई म्हणाली.

शनिवारी उर्वशीनं शाळा बुडवली. सरांना सांगून बुडवली. ते म्हणाले, "सोमवारी पूर्ण वर्गापुढं सांगायचं, नाहीतर गैरहजेरी लावीन."

सकाळी लहान निघाली शंभर डझन. शंभर डबे, दहा ओंजळी. शोभाबाईनं बायांना सांगितलं. प्रतिभा मावशीनं थोडा विचार केला.

"मोजणार नाही ना?"

"नाही."

"मग चालते. पहिलं देवाचं, मग आपलं. हे तर आणखी बरं."

दहा ओंजळी टोपलीत गेल्या. मग मोठ्यांची उघडलेली कॅरेट पुन्हा मोजली. मोठी एकशेपस्तीस डझन आणि वर पाच सुटी. मध्यम एकशेअठ्ठावीस. सुटी पाच बाजूला ठेवली, चहाच्या वेळी खायला. शोभाबाईनं या वेळी डोळे मिटले नाहीत. "लाल पस्तीस. हिरवे अठ्ठावीस. पिवळे सदतीस."

काम सुरू झालं. काका खुर्चीवर बसून पाहत होते, आज टोमणे नव्हते. "दहा झाले!" पहिली हाक आली. डबा प्रतिभा मावशीचा होता. तिचे हात सवयीनं ढिगाकडं गेले, फळांना लागले आणि थांबले. मावशीनं हात मागं घेतले, रिकामी ओंजळ मारुतीकडं धरली, कपाळाला लावली आणि पुढचा डबा ओढला. मग दर दहा डब्यांना तसंच. रिकामी ओंजळ, कपाळाला हात, पुढचा डबा.

चहाच्या वेळी सुटी फळं वाटली. चार बायांनी खाल्ली, पाचवं उर्वशीला मिळालं. फरशी साफ झाल्यावर खाऊ, असं तिनं ठरवलं. तिनं ते ओढणीत गुंडाळून ठेवलं.

पावणेचारला शेवटचा डबा उरला. पिवळा. मध्यम एक डझन, झाली. लहान एक डझन, झाली. फरशीवर मोठ्यांचा छोटासा ढीग. प्रतिभा मावशी मोठ्यानं मोजत होती. "नऊ. दहा. अकरा."

बारावं नव्हतं.

मावशीनं पोतं उचलून पाहिलं. शोभाबाईनं कॅरेटं उलटी केली. गजेंद्रभाऊ गाडीजवळून आत आले. आता चौकटीला काय दाखवायचं राहिलं, उर्वशीला कळेना. आता कोणती ओंजळ?

तेवढ्यात तिला वास आला. ताज्या सालीचा.

देवीदास काका खुर्चीवर बसून संत्र्याची शेवटची फोड तोंडात टाकत होते. मांडीवर साल होती. सगळ्यांचे डोळे आपल्याकडं वळलेत हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"काय?" ते म्हणाले. मग त्यांनी सालीकडं पाहिलं. मग ढिगाकडं. "अरे बाप्पा. म्या तर रोजच एक खातो. अकरा वर्षं झाली!"

हसण्याचा असा गलका झाला की छपरावरची कबुतरं उडाली. काका खरंच ओशाळले होते. मुद्दाम केलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. प्रतिभा मावशीच्या हाताइतकाच त्यांचा हातही सवयीचा. गुरुवारच्या चौतिसांतलंही एक त्यांचंच असणार, आणि मावशीच्या ओंजळी दोन नव्हे, तीन.

उर्वशीनं ओढणी सोडली. तिचं स्वतःचं, चहाचं, न खाल्लेलं संत्रं. तिनं ते डब्यात ठेवलं.

"बारा," प्रतिभा मावशी म्हणाली आणि झाकण लावलं.

फरशीवर काही नव्हतं. एक पान, कागदाचे दोन तुकडे आणि सिमेंट. एवढं सिमेंट एकत्र कुणी पाहिलंच नव्हतं. गजेंद्रभाऊ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. देवीदास काका आपणहून उठले, मांडीवरची साल झटकली, खुर्चीही पुसली.

"बसा बाई," काका म्हणाले.

शोभाबाई बसली. काठावर, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. मग जरा मागं सरकली.

काका खडू घेऊन उर्वशीकडं आले. "पोरी, ते उलटं कसं काढतात मले दाखव. पांढुर्ण्याच्या गोदामात तेच तीन डबे आहेत." त्यांनी स्वतःच फरशीवर नऊ आकडे मांडले. मांडता मांडता थांबले. "आणि समज, भाऊनं चौथा डबा काढला. निळ्या पट्टीचा. फळं तीनच प्रकारची, डबे चार. मग?"

उर्वशीनं तोंड उघडलं. तीन आडव्या ओळी, चार उभ्या रांगा. चौकट चौकोनी राहतच नाही. मग डिटर्मिनंट कशाचं काढायचं? मग उलट असतं तरी का? का एकापेक्षा जास्त उत्तरं निघतात? तिनं तोंड मिटलं.

"माहीत नाही काका," ती म्हणाली, आणि तिला त्याचा एवढा आनंद झाला की काका बुचकळ्यात पडले.

पाच वाजता दोघी मायलेकी जामसांवलीच्या ऑटोत बसल्या. टोपली उर्वशीच्या मांडीवर होती. जड होती. किती असतील? अडतीस? एकोणचाळीस? भगव्या कापडाखाली हात घालून चाचपलं तरी अंदाज आला असता. तिची बोटं वळवळली.

"उर्वशी," शोभाबाई पुढं बघत म्हणाली.

"नाही मोजून राहिली वो!"

आणि तिनं खरंच मोजली नाहीत. पण देऊळ येईपर्यंत दोन्ही हात टोपलीखालीच घट्ट धरून ठेवावे लागले.